‘चाललंय की’ या उत्तराचं काय करायचं?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते :

‘आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत. गल्लीतल्या तालीम मंडळानं यंदा गणपतीत डॉल्बी लावली नाही. ते वाचलेले पैसे जूनमध्ये मुलांच्या शाळेच्या खर्चाला द्यायचं ठरलं आणि खरी गरज कुठल्या घराला आहे हे बघायचं काम आमच्या गटाकडं आलं. आम्ही साठ घरांत जाऊन एकच प्रश्न विचारला, “घरात येणारा पैसा पुरतो का?” एक्कावन्न घरं “पुरतो” म्हणाली, नऊ “पुरत नाही” म्हणाली. त्या नवांत एक घर असं, की दारात नवी चारचाकी उभी आहे. आणि “चाललंय की, काय कमी न्हाई” म्हणणाऱ्यांत माझ्या शेजारच्या काकू आहेत. काका गेल्यापासून त्या जेवणाचे डबे करून दोन मुलं शिकवतात. गेल्याच महिन्यात गॅसच्या टाकीसाठी माझ्याकडून पैसे घेऊन गेल्या होत्या. तालमीतली माणसं म्हणतात, कुणाला काय वाटतं यावर काही ठरवू नका, सरळ पगाराची चिठ्ठी मागा. मला ते पटत नाही, पण आमचा कागदही चुकलाय हे दिसतंय. पैसा पुरतो की नाही याबद्दल घरच्यांना जे वाटतं, ते मापता येतं का? कसं?’

ताई, मापता येतं. आणि तुम्हाला चिठ्ठीचं पटलं नाही ते बरोबरच आहे.

आधी तुमच्या साठ कागदांबद्दल. ते टाकून देऊ नका. त्या एक्कावन्न घरांनी तुम्हाला फसवलेलं नाही. दारात गटातल्या दोघी उभ्या, शेजारची जिन्यावर तांदूळ निवडत बसलेली, आणि विचारलं काय, तर पैसा पुरतो का. आपल्याकडं झाकली मूठ सव्वा लाखाची. असल्या वेळी माणूस घराची मूठ उघडत नाही, आणि त्यानं ती उघडावी अशी अपेक्षाही आपण धरू नये. ‘चाललंय की’ हे कोल्हापुरात ‘कसं काय’ला द्यायचं उत्तर आहे. तुम्ही विचारलं हिशेबाचं, त्यांनी उत्तर दिलं क्षेमकुशलाचं.

मी स्वतः बरीच वर्षं घरोघर जाऊन असे तक्ते भरलेत. त्यातलं एक घर अजून डोळ्यांपुढं आहे. करवीर तालुक्यातलं गाव, सोप्यात सासरे बसलेले. आम्हाला वरून सूचना होती की उत्तर कुटुंबप्रमुखाचंच घ्यायचं. मी विचारलं, ते म्हणाले, ‘पुरतंय. देवाच्या दयेनं काही कमी नाही.’ सून चहा ठेवून आत गेली. मी निघाले, उंबऱ्याबाहेर चप्पल घालत होते, तेवढ्यात ती बादली घेऊन मागच्या दारानं आली. पदराखालून किराणा दुकानाची वही काढली. कोपरे तेलानं पारदर्शक झालेली, रबर लावलेली छोटी वही. तोंडानं एक शब्द बोलली नाही, नुसती पानं उलटत राहिली. चहा पावडर दहाची पुडी. तेल पावशेर. चहा पावडर दहाची पुडी. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘मागील बाकी’, दर पानावर वाढत गेलेली. मग वही पदराखाली गेली आणि ती बादली घेऊन नळाकडं गेली. माझ्या तक्त्यात एका घराला एकच चौकट होती. मी त्यात ‘पुरतं’ लिहिलं. त्या घराचं खरं उत्तर मला मिळालं होतं आणि लिहायला जागा नव्हती, हे मला आजही टोचतं.

म्हणून तुमच्या नव्या कागदावर पहिली दुरुस्ती ही करा. एका घराला दोन चौकटी ठेवा. एक पैसा आणणाऱ्याची, एक पैसा पुरवणाऱ्याची. बहुतेक घरांत ही दोन वेगळी माणसं असतात. आणणाऱ्याला महिन्याला किती आले हे माहीत असतं. पंचवीस तारखेला डब्यात काय उरलंय ते पुरवणारीला माहीत असतं. दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. उत्तरं जुळली नाहीत म्हणून कुणी खोटं ठरत नाही. ती तफावतच लिहून ठेवा, कारण ओढाताण घरात कुणाच्या अंगावर पडते हे तिच्यातच दिसतं.

आता पगाराच्या चिठ्ठीचं. तालमीतल्या लोकांचा हेतू चांगला आहे. आकडा हातात असला की भांडण होत नाही असं त्यांना वाटतं. पण तुमच्या गल्लीत चिठ्ठी कुणाकडं आहे? शिरोलीच्या फौंड्रीत कायम असलेल्याकडं असेल. उद्यमनगरात लेथवर रोजानं जाणाऱ्याकडं नाही. ज्यांची थोडी शेती आहे त्यांना दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, दिवाळीला दुधाच्या दराचा फरक येतो, आणि उसाचं बिल कारखान्याकडून येईल तेव्हा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा कायदा आहे, तरी त्यासाठी या जिल्ह्यात किती वेळा रस्ता अडवावा लागलाय हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा घराचा ‘महिन्याचा पगार’ काढायचा तर बारा महिन्यांची बेरीज करून बारानं भागावं लागेल. कागदावर ते घर सुखी दिसेल आणि प्रत्यक्षात मुलाच्या वह्या उधारीवर आलेल्या असतील. तोच पैसा आला, पण वेळेला आला नाही, तर तो पुरला असं घरातलं कुणी म्हणत नाही.

खर्चाचा आकडाही तितकाच फसवा असतो. सरकारचं जे मोठं कौटुंबिक उपभोग खर्चाचं सर्वेक्षण होतं, त्यात लोक काय खर्च करतात हे मोजतात. २०२३-२४ मध्ये देशातल्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२ रुपये. देशाचं चित्र बघायला हे फार उपयोगी आहे. पण एका घराकडं बघताना खर्चाचा अर्थ उलटाही होऊ शकतो. ज्या महिन्यात सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं त्या महिन्यात खर्च तिप्पट होतो. वहीत ते घर अचानक सधन दिसायला लागतं, आणि तिकडं मंगळसूत्र पतसंस्थेत गेलेलं असतं.

आपल्याकडं गरिबीची मोजणी बराच काळ लोकांना न विचारताच झाली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून १९७१ साली जो अभ्यास पुढं आणला, त्यात माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो यावरून रेषा काढली होती. १९६०-६१ च्या किमतींना गावात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या काळात ते मोठं धाडसाचं काम होतं. त्यामुळं ‘देशात किती लोक अर्धपोटी आहेत’ हा प्रश्न टाळता येईना. पुढं सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ग्रामीण भागात ८१६ आणि शहरी भागात १,००० रुपये अशी माणशी मासिक रेषा आली. तेव्हा लोक संतापले ते आठवत असेल. हजार रुपयांत महिना कोण काढतो, असं जो तो विचारत होता. त्या रागाकडं मी उत्तर म्हणूनच बघते. कुणी न विचारताच लोकांनी सांगितलं होतं, ‘एवढ्यात भागत नाही.’

सरळ लोकांनाच विचारायचं, हे पद्धतशीरपणे केलं नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात, १९७० च्या दशकात. बर्नार्ड व्हान प्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना साधा प्रश्न विचारला : तुमच्या घराची तोंडमिळवणी व्हायला कमीत कमी किती रक्कम लागेल? यातली खुबी बघा. समजा तुमच्या गल्लीत महिना १८,००० येणारं घर म्हणालं, ‘बावीस तरी पाहिजेत.’ ४०,००० येणारं घर म्हणालं, ‘तीसमध्ये कसंबसं भागेल.’ या दोन टोकांच्या मधे कुठंतरी असं घर सापडतं, की येतात तेवढेच लागतात. समजा ते २५,००० ला सापडलं. मग तीच त्या गल्लीची रेषा. दिल्लीत बसून कुणी ती आखली नाही, साठ चुलींनी मिळून आखली. व्हान प्राग यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचं ‘कमीत कमी’सुद्धा जास्त. उत्पन्न वाढतं तेवढ्या वेगानं नाही, पण मागोमाग गरजही वर सरकते. हे ध्यानात ठेवा, चारचाकीवाल्या घराकडं आपण परत येणार आहोत.

तुमच्या कागदावर हा प्रश्न जरूर घ्या. फक्त ‘तुम्हाला किती येतात’ हे आधी विचारू नका. ते विचारलं की माणूस सावध होतो आणि पुढचं सगळं आखडतं. ‘आपल्या गल्लीत तुमच्याएवढ्या माणसांचं घर चालवायला महिन्याला कमीत कमी किती लागत असतील हो?’ असं विचारून बघा. घर चालवण्याबद्दल मत द्यायला बायकांना आवडतं, आणि त्यांच्याएवढं नेमकं मत दुसऱ्या कुणाकडं नसतं.

‘तुमच्याएवढ्या माणसांचं’ म्हटलं, त्यावर एक शब्द. घर कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. सरकारी सर्वेक्षणात एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. बावड्यात एका छताखाली दोन चुली असलेली कितीतरी घरं आहेत. रेशनकार्ड एक, वीजमीटर एक, आणि भाऊ वेगळे जेवतात. तुमची साठ घरं चुलीनं मोजलीत की दारानं? दारानं मोजली असतील तर ती साठाहून जास्त भरतील.

आता ‘हो की नाही’चं. पुरणं हे विजेच्या बटणासारखं चालू किंवा बंद नसतं, त्याला पायऱ्या असतात. युरोपातल्या देशांमध्ये दरवर्षी घरांना विचारतात की येणाऱ्या पैशात तोंडमिळवणी कशी होते, आणि उत्तराला सहा पायऱ्या देतात, फार अवघडपासून अगदी सहजपर्यंत. यात एक शहाणपण आहे. मधली पायरीच नाही. पाच किंवा सात पायऱ्या ठेवल्या की लाजणारा माणूस मधोमध जाऊन बसतो. सहा असल्या की त्याला थोडं इकडं किंवा थोडं तिकडं व्हावंच लागतं. मी त्या आपल्या बोलीत अशा लिहीन : अजिबात भागत नाही. उसनवारी करून भागतं. ओढूनताणून भागतं. बेतानं भागतं. नीट भागतं. भागून हातात राहतं. पुठ्ठ्यावर जिन्यासारखं चित्र काढा, प्रत्येक पायरीवर हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि बोट ठेवायला सांगा. जे तोंडानं बोलवत नाही ते बोट ठेवून सांगता येतं. शेजारणीला ऐकूही जात नाही.

पण माझा सगळ्यात आवडता प्रश्न आपल्याच देशातला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानं १९८३ च्या फेरीत विचारलं होतं : घरातल्या सगळ्यांना वर्षभर दोन वेळचं पोटभर जेवण मिळतं का? उत्तरं तीन होती. वर्षभर मिळतं, वर्षातले काही महिने मिळतं, कुठल्याच महिन्यात मिळत नाही. त्या मधल्या उत्तराकडं बघा. ‘काही महिने.’ ज्यानं कुणी ते घातलं त्यानं खेड्यातलं घर आतून बघितलं असणार. तुमच्या कामाला हेच लागणार आहे. बारा महिने एका ओळीत लिहा आणि विचारा, ‘यातल्या कुठल्या महिन्यात हात आखडतो?’ जूनवर किती बोटं येतात बघा. शाळेची फी, वह्या, दप्तर, रेनकोट, घरावरची कौलं नाहीतर पत्रा, शेत असेल तर बी-खत, सगळं एकाच महिन्यात. काही घरांत श्रावण-भाद्रपद निघेल. एखादी म्हणेल, ‘जत्रेचा महिना.’ महिना विचारला की लाज आपोआप कमी होते. कारण ‘आम्हाला पुरत नाही’ म्हणणं म्हणजे घराबद्दल बोलणं, आणि ‘जूनमध्ये जरा जड जातं’ म्हणणं म्हणजे जूनबद्दल बोलणं. आणि तुम्हाला पैसे जूनमध्येच द्यायचेत. तुमच्या साठ कागदांत हा एकच प्रश्न असता, तरी निम्मं काम झालं असतं.

जाणिवेच्या प्रश्नांबरोबर घडलेल्या गोष्टींचेही दोन-तीन प्रश्न लागतील. जाणीव माणूस झाकतो. घडलेली गोष्ट झाकायला जास्त कष्ट पडतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या सर्वेक्षणात २०१३ पासून विचारतात की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर कसा भागवाल. किती आहे हे ते विचारत नाहीत, कुठून आणाल ते विचारतात. तुम्ही असं विचारा : ‘उद्या दुपारपर्यंत पाच हजार लागले तर कुठून उभे कराल?’ उत्तर घरातून, भिशीतून, बहिणीकडून, दुकानदाराकडून उचल, सोनं ठेवून, की ‘उभे राहणारच नाहीत’? जे येईल ते लिहा. बचत गटात चौदा जणी आहात, तेव्हा ‘गटातून’ हे उत्तरही येईल, आणि गट उभा केल्याचं तुम्हाला बरं वाटेल. पण ते कर्जच आहे. वेगळ्या रकान्यात लिहा.

दुसरा प्रश्न आहेराचा. अमेरिकेतच ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी एक सरकारी खातं आहे. त्यानं २०१५ मध्ये दहा विधानांची एक मापनपट्टी केली, शून्य ते शंभर गुणांची. माणसाला आपल्या पैशाबद्दल किती निर्धास्त वाटतं हे त्यातून काढतात. त्यात एक विधान असं आहे, की लग्नाला किंवा वाढदिवसाला भेट द्यावी लागली तर त्या महिन्याचं गणित कोलमडतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्या गल्लीतल्या बाईनं लिहिलेलं दिसतंय. आपल्याकडं मे महिन्यात एका घराला किती पत्रिका येतात! भाच्याच्या लग्नाला साडी नेली की नाही, नेली तर ती कपाटातली, कुणीतरी आपल्याला नेसवलेली, की नवी? की ‘अंगात कणकण होती’ म्हणून गेलोच नाही? पैसा पुरेनासा झाला की माणूस आधी लग्नाकार्याला जायचं टाळतो. पोटाला चिमटा नंतर घेतो. म्हणून विचारा, ‘गेल्या वर्षात पैशापायी कुठल्या कार्याला जायचं टाळलंत का?’ आणि याच रांगेत, ‘डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध निम्मंच आणलं, असं झालं का?’

गेल्या वर्षाशी तुलना विचारायची की नाही, हे तुम्ही ठरवा. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणात घरांना वर्षापूर्वीपेक्षा बरं आहे का वाईट असं विचारतात, आणि बरं म्हणणारे व वाईट म्हणणारे सारखे असले की निर्देशांक १०० येतो. तुमच्या साठ घरांना निर्देशांकाची गरज नाही. पण ज्या घरांत २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरलं, तिथं ‘पुरापूर्वीपेक्षा कसं आहे?’ हे मी नक्की विचारीन. पगार तोच राहिला, पण गाद्या, फ्रिज, शिलाई मशीन आणि गाठीला असलेली शिल्लक पाण्यात गेली. चिठ्ठीत हे कुठंच दिसत नाही. एकदा शिल्लक गेली की तोच पगार पुरेनासा वाटतो, आणि ते वाटणं अगदी खरं असतं.

आता चारचाकीवाले. तालमीत त्यांच्यावरून हसू झालं असणार, पण तुम्ही त्या हसण्यात जाऊ नका. त्या घराला पुरत नाही असं वाटतं हे खोटं आहे, असं समजायला काहीच कारण नाही. गाडीचा हप्ता, घराचा हप्ता, पोराच्या क्लासची फी, आणि शेजारच्या मेहुण्याची गाडी आपल्यापेक्षा मोठी. ‘कमीत कमी’ वर सरकतं असं मी म्हणाले ते हेच. त्यांच्या घरात रात्री पैशावरून भांडणं होत असतील, झोप लागत नसेल. ते मोजलं पाहिजे आणि लिहिलं पाहिजे. पण तालमीचा पैसा शाळेच्या वह्यांसाठी आहे. म्हणून कागदावर दोन बाजू करा. डावीकडं वाटतं काय, म्हणजे पायरी आणि ‘कमीत कमी’चा आकडा. उजवीकडं घडलं काय, म्हणजे आखडलेले महिने, पाच हजारांचं उत्तर, टाळलेलं कार्य, अर्धं औषध. दोन्ही बाजू ‘ओढाताण’ म्हणत असतील तर ते घर यादीत घ्या. दोन्ही ‘नीट’ म्हणत असतील तर राहू दे. डावीकडं रडणं आणि उजवीकडं काही नाही, तर तो चारचाकीचा प्रकार. त्यांना पैसे देऊ नका, पण तुटकही बोलू नका. हप्ते फेडायचा काही मेळ बसवायचा असेल तर पतसंस्थेतल्या कुणा जाणत्या माणसाशी गाठ घालून द्या.

आणि डावीकडं ‘काय कमी न्हाई’, उजवीकडं मात्र सगळ्या खुणा. या तुमच्या काकू.

त्यांच्याबद्दल मला जरा थांबून लिहायचंय. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण मुलींना लहानपणापासून सांगतो. काकूंनी पाय इतके आखडून घेतलेत की आता अंथरूण तोकडं आहे हेच त्यांना जाणवत नाही. अमर्त्य सेन यांनी हे नेमकं मांडलंय. दीर्घकाळ उणिवेत राहिलेला माणूस आपल्या इच्छाच उणिवेच्या मापाच्या करून घेतो, आणि मग समाधान विचारलं तर समाधान आहे म्हणतो. म्हणून नुसत्या जाणिवेवर वाटप केलं तर ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलंय तेच सुटतात. तालमीतल्या माणसांची शंका इथं खरी आहे, तेवढी त्यांना द्या. मात्र पगाराची चिठ्ठी काकूंकडं नाहीच, तिचा इथं उपयोग शून्य. उपयोग होईल तो उजव्या बाजूचा. तुमच्या वहीत त्याची पहिली नोंद आधीच आहे, गॅसची टाकी.

विचारायचं कसं, याबद्दल दोन-चार गोष्टी. तुमच्याच गटातल्या बाईनं तुमच्याच शेजारी विचारायचं नाही. खालच्या गल्लीतलीनं वर जायचं, वरच्या गल्लीतलीनं खाली. तालमीतला कुणी बरोबर नको, अध्यक्षही नको. कागदावर नाव लिहू नका, नंबर घाला. नंबर आणि नावांची यादी एकाच बाईच्या कपाटात राहू दे, आणि वाटप झालं की ती यादी चुलीत टाका. हे सगळ्या घरांना आधीच सांगा. गल्लीत बातमी फिरायला अर्धा तास लागतो. एकदा एका घराचं उत्तर चौकात निघालं की पुढच्या वर्षी साठच्या साठ घरं ‘पुरतंय’ म्हणतील.

मदत वाटायची आहे हे आता सगळ्यांना कळलंय, त्याला इलाज नाही. त्यामुळं काही उत्तरं त्या बाजूला झुकतील. म्हणून सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा, त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. ‘तुम्हाला काय विचारायचं, तुमचं बरंच आहे’ असं म्हणून एकही घर गाळू नका. आधी पाच घरांत करून बघा. कुठला प्रश्न अडला, कुठं माणूस हसून विषय बदलतो, कुठं डोळे खाली जातात ते बघून शब्द बदला, मगच बाकीच्या घरांत जा. एका घराला वीस मिनिटं लागतील. चहा नको म्हणू नका. चहा होईपर्यंतच बाई खरं बोलते.

काकूंकडं मात्र तुम्ही जाऊ नका. टाकीचे पैसे तुम्ही दिलेत, तुमच्यासमोर त्यांना मोकळं बोलता येणार नाही. गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, जिला त्यांच्याविषयी आदर आहे अशी. दुपारी अडीचनंतर, डबे गेले, भांडी घासून पालथी घातली, की त्या पाच मिनिटं भिंतीला टेकून बसत असतील, तेव्हा. ‘पैसा पुरतो का’ हे विचारूच नका. महिन्यांची ओळ पुढं ठेवा आणि डब्याच्या धंद्याचं विचारा. सुट्टीत कॉलेजची पोरं गावी गेली की डबे किती उरतात, जूनमध्ये परत कधी भरतात, मधल्या वेळात गॅस कसा आणता. त्या धंद्याबद्दल भरभरून बोलतील, आणि बोलता बोलता बोट आपोआप मे-जूनवर जाईल.

मे संपायच्या आत हे उरका. आणि साठ घरांच्या कागदांत जूनखाली किती खुणा आल्या, ते मला जरूर कळवा.